वेळ कुठून मोजायची

आप्पांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं स्टॉपवॉच असायचं. शाळेत खेळाच्या मास्तरांकडे असतं तसलं. ते सदऱ्याच्या आत असल्यामुळे नवख्या माणसाला बाहेरून नुसता दोरा दिसायचा आणि वाटायचं, ताईत असेल. कुणी विचारलं की आप्पा ते बाहेर काढून दाखवायचे आणि म्हणायचे, "ताईतच हाय. थापा मारणाऱ्यांपास्नं राखतो."

या ताईतानं त्यांना तालुक्यात बरेच शत्रू मिळवून दिले होते. लग्नाला गेले की पत्रिकेत छापलेल्या मुहूर्ताला ते बटण दाबायचे, आणि शेवटचं 'शुभमंगल सावधान' झालं की पुन्हा दाबायचे. मग अक्षता पडल्यावर मुलीच्या बापाचा हात हातात घेऊन, किती उशीर झाला ते अगदी प्रेमानं त्याला सांगायचे. तो बिचारा आधीच पंगतीच्या काळजीत असायचा. आप्पांचं घर केडगाव स्टेशनच्या बाहेर होतं. तिथल्या हॉटेलवाल्यानं तर नियमच करून टाकला होता: आप्पा लांबून दिसले की आधी चहा ओतायचा, मग "या आप्पा" म्हणायचं. "सांगितल्यापास्नं मोजतंय म्हातारं," तो मला म्हणाला होता, "मग मी सांगायच्या आधीच देतो. बघू तरी कसं मोजतंय!" हा डाव आप्पांना मनापासून आवडला होता. जिल्ह्यात आपल्याला हरवलेला हा एकच माणूस, असं ते सांगत फिरायचे.

ते आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. कारखाना दौंड तालुक्यात, भीमेच्या अंगाला. विभाग म्हणजे वजनकाट्याच्या शेजारची पत्र्याची खोली, त्यात दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारा प्रिंटर, ज्याला आप्पा 'म्हातारी' म्हणायचे, आणि गाळप सुरू झालं की मळीचा वास. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीतली नोकरी त्यांनी सोडली होती. सोडली, हा त्यांचा शब्द. साहेबाचं गणित चारचौघांत चुकीचं ठरवून दाखवल्यावर नोकरी सोडावीच लागते, एवढं मला पुढं कळलं.

नम्रपणा हा गुण आप्पांच्या वाटेला कधी गेला नाही. "पुणे जिल्ह्यात डेटाबेस कळणारी दोनच माणसं हायती," असं ते म्हणायचे, आणि दुसरं माणूस कोण ते कधीच सांगायचे नाहीत. डेटाबेस म्हणजे माहितीची कोठी. कुणाची गाडी आली, ऊस कुठल्या गावचा, वजन किती भरलं, हे सगळं नीट लावून ठेवणारी आणि मागितलं की काढून देणारी. आमच्या कारखान्याची कोठी आप्पांनी स्वतः बांधली होती. फुकट मिळणारा एक डेटाबेस घेऊन त्यावर वर्षानुवर्षं एकट्यानं सगळी रचना उभी केली. त्यात कुणी हात घातला तर पोटच्या पोराला कुणी चिमटा काढल्यासारखे ते कळवळायचे.

मी शिरूरच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेऊन त्यांच्यापुढे मुलाखतीला उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझी मार्कशीट बघितलीसुद्धा नाही. स्टॉपवॉच गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं.

"जा. उसाच्या गाडीला वजन कराया किती येळ लागतो ते बघून ये."

मी काट्यावर गेले. गाडी चढली, वजन झालं, पावती निघाली, गाडी उतरली. बैलानं मान झटकावी एवढाच वेळ. मी ऐटीत परत येऊन आकडा सांगितला.

"चूक," आप्पा म्हणाले. "आता गेटवर जा."

गेटवर गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली. बैल सोडून जुवाला बांधलेले. एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. गाडीखाली झोपलेल्या तिच्या नवऱ्याला मी विचारलं, "मामा, वजनाला कधी आलात?" तो डोळे न उघडता म्हणाला, "काल दिस मावळताना."

मी परत येऊन ते आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "येळ कुठनं मोजायची, ते काट्याला इचारायचं न्हाई. गाडीवानाला इचारायचं. कळलं? उद्यापास्नं ये कामाला."

काम करायची त्यांची रीत जगावेगळी होती. मी काहीही लिहिलं की ते म्हातारीवर छापून घ्यायचे. जोडकागदाची लांबच लांब पट्टी निघायची. ती हातात धरून आप्पा खोलीबाहेर पडायचे आणि रस काढून उरलेल्या चिपाडाच्या ढिगाला फेऱ्या घालत मोठ्यानं वाचायचे. मागून कागद धुळीत फरफटत यायचा. खुर्चीत बसून तपासलेला प्रोग्रॅम आळशी होतो, असं त्यांचं मत होतं. मी बरोबर चालायचं, पण बोलायचं नाही. "तू घरी असशील तवा हे कोण समजावून सांगणार हाय? त्याचं त्याला बोलू दे." एखादी ओळ पटली नाही की ते डबीतल्या चुन्यात अंगठा बुडवून त्या ओळीवर पांढरा ठसा उमटवायचे. शेरा नाही, खुलासा नाही. चूक काय ते मी शोधायचं. माझ्या पहिल्या पहिल्या कागदांवर एवढा चुना असायचा की शिपाई म्हणायचा, "ताई, भिंत रंगवताय का काय?"

शाबासकी अशी नव्हतीच. कोरा कागद परत आला तर ती शाबासकी. तसा कागद मला बरेच दिवस मिळाला नाही, आणि त्या दिवसांत मी घरी जाऊन आप्पांना मनसोक्त शिव्या द्यायची. आई म्हणायची, "सोड मग ती नोकरी." मी म्हणायची, "कोरा कागद घेतल्याशिवाय सोडत नसते."

असं सगळं बरं चाललेलं असताना कारखान्यात टायवाला आला.

त्याला सगळे टायवालाच म्हणत. मुंबईच्या एका कंपनीचा तरुण इंजिनिअर, बोलायला गोड, वागायला सभ्य. त्याच्या कंपनीला आमच्या कारखान्याला आपला महागडा डेटाबेस विकायचा होता. आमचे चेअरमन, ज्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा, नव्या वस्तूंचे मोठे शौकीन होते. त्यांनी दोन्हींची शर्यत लावायला सांगितली. टायवाल्यानं शर्यतीसाठी जे सॉफ्टवेअर आणलं ते डेटाबेसचा वेग मोजणारं होतं. ते फुकट मिळायचं, कुणालाही आतून उघडून बघता यायचं आणि जगभर वापरात होतं, त्यामुळे त्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. निकाल लागला. टायवाल्याचा डेटाबेस सरासरी आमच्या निम्म्या वेळात उत्तर देत होता.

आबा म्हणाले, "आप्पा, तुमी लई केलं कारखान्यासाठी. पण आता जग फुडं गेलंय."

गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या सभेत संचालक मंडळ निर्णय घेणार होतं. तो विरोधात गेला की सगळं काम त्या कंपनीकडे जाणार, कॉम्प्युटर विभाग बंद होणार, आप्पांची बदली स्टोअरला, नटबोल्ट मोजायला. आणि मी सणसवाडीला एखाद्या कारखान्यात फॉर्म भरत बसणार. माझं मी कसंही निभावलं असतं. पण आप्पांनी आयुष्य घालून बांधलेली कोठी एका आकड्यावर पाडली जाणार, हे मला सहन होत नव्हतं. मी त्या दिवशी म्हातारीच्या आवाजाच्या आडोशानं रडून घेतलं.

आप्पा रडले नाहीत. ते टायवाल्याच्या मशीनसमोर स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले. सकाळपासून उभेच. टायवाल्यानं बिचाऱ्यानं खुर्ची दिली, चहा दिला. दुपारी आप्पा खोलीत आले आणि म्हणाले, "पळतंय झकास. पण मधीच दम खातंय. चांगलं पळतंय, पळतंय, आन् मधीच हुबं ऱ्हातंय. मग परत पळतंय. आपलं बेणं हळू चालतंय, पण थांबत न्हाई."

"मग ते थांबणं आकड्यात का दिसत नाही?" मी विचारलं.

"ते तू शोध. मापात खोट हाय."

मी त्या सॉफ्टवेअरचं पोट उघडून बसले, आणि खोट सापडली तेव्हा जागच्या जागी हसत सुटले. ते सॉफ्टवेअर काही खोटे खोटे कारकून उभे करायचं. प्रत्येक कारकून डेटाबेसला एक प्रश्न विचारायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचा, मग दुसरा विचारायचा. डेटाबेस दम खात बसला की कारकूनही सभ्यपणे थांबायचे. तेवढ्या वेळात नवा प्रश्न कुणी विचारायचाच नाही. म्हणून एवढा मोठा खोळंबा झाला तरी हिशेबात फक्त मूठभर उशिरा आलेली उत्तरं यायची आणि हजारो चटपटीत उत्तरांच्या सरासरीत ती बुडून जायची. खऱ्या जगात काटा बंद पडला म्हणून रस्त्यावरच्या गाड्या यायच्या थांबत नाहीत. त्या येतच राहतात, रांग वाढतच राहते. त्या सॉफ्टवेअरला रांग ठाऊकच नव्हती. जगभरातली हुशार मंडळी गाडी काट्यावर चढल्यापासूनचा वेळ मोजत होती.

"म्हंजी मुलाखतीत तू केलंस तेच," आप्पा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी मला हॉटेलातून भजी मागवली. मागवल्यापासून वेळसुद्धा मोजला नाही.

मग मी पॅच लिहिला. पॅच म्हणजे ठिगळच. सॉफ्टवेअरच्या अमुक ओळी काढा आणि त्या जागी या घाला, एवढं सांगणारा मजकूर. माझ्या ठिगळानं कारकुनांना वेळापत्रक दिलं. डेटाबेस मोकळा असो नसो, प्रश्न ठरलेल्या वेळी रांगेत यायचा आणि त्याचा वेळ तिथपासून मोजायचा. त्या नव्या सोयीला नाव काय द्यायचं, असं मी विचारलं. आप्पांनी माझ्याकडे कीव येऊन बघितलं आणि म्हणाले, "गेट. दुसरं काय?"

नव्या मापानं आमचा आकडा इतका सुंदर आला की मी कागद घेऊन तडक आबांच्या ऑफिसकडे निघाले होते. आप्पांनी मला दारात अडवलं.

"कुठं चाललीस?"

"आबांना दाखवायला. आपण जिंकलो, आप्पा!"

"घरच्या मापानं घरचं दूध मोजून गिऱ्हाइकाला सांगतीस व्हय? कोण इस्वास ठेवील? मापावर शिक्का दुसऱ्याचा लागतो, पोरी. हे ज्यांचं सॉफ्टवेअर हाय त्यांच्याकडं पाठीव. त्यांनी घेतलं तर आपलं. न्हाई घेतलं तर मी नटबोल्ट मोजीन."

"पण सभा तोंडावर आली आहे! ते कधी बघणार, कधी घेणार?"

"त्यांच्याकडं जायच्या आधी मी बघणार," आप्पा म्हणाले आणि कागद घेऊन चिपाडाच्या ढिगाकडे चालू लागले.

त्या पॅचची तपासणी मी जन्मात विसरणार नाही. पाऊस उघडला होता, ढिगाभोवती चिखल होता, आणि आप्पा धोतराचा सोगा वर खोचून, कागदाची पट्टी खांद्यावर टाकून माझ्या ओळी कीर्तनकाराच्या आवाजात म्हणत होते. बॉयलरवरची माणसं काम थांबवून बघायची. एका दिवशी एका ओळीवर चुना, दुसऱ्या दिवशी दुसरीवर. कुठं मी नाव अवघड ठेवलेलं, कुठं एकच हिशेब दोनदा केलेला. मी दुरुस्त करायची, म्हातारी खडखडायची, आप्पा पुन्हा फेऱ्या घालायचे. शेवटी सगळे ठसे गेले, आणि मी कोऱ्या कागदाची वाट बघत असताना त्यांनी अगदी शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवला. तिथं चाचणी संपायची, एवढंच त्या ओळीत होतं.

मी दोन दिवस त्या ओळीकडे बघत बसले. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला.

"आप्पा, इथं काहीही चूक नाही! चाचणीची वेळ संपली, ती थांबली. यात काय चूक आहे?"

आप्पा चिपाडाच्या ढिगाला टेकून उभे राहिले. "तुझा आज्जा मेंढरं राखायचा ना?"

"हो." आजोबांच्या काळात आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी शेती धरली आणि ती गेली.

"संध्याकाळी वाड्यात मेंढरं घातली की त्यो काय करायचा?"

"मोजायचा."

"मोजून झोपायचा?"

मी आजोबांना आठवलं. वाघरीच्या, म्हणजे मेंढरांच्या वाड्याभोवतीच्या जाळीच्या, तोंडाशी ते उभे राहायचे आणि मेंढरं आत गेली की त्यांची नजर आत नसायची. ती बाहेर, अंधारत चाललेल्या माळावर असायची. कुठली मागं राहिली, कुठली लंगडत होती, कुठलं कोकरू ओढ्यात उतरलं. आत आलेल्यांची काळजी त्यांना नसायचीच.

आणि मला माझी चूक दिसली. चाचणी संपली तेव्हा जे प्रश्न अजून रांगेतच उभे होते, ते मी हिशेबातून सोडून दिले होते. काटा बंद करून घरी जाताना गेटवर उरलेल्या गाड्या मी मोजल्याच नव्हत्या. सगळ्यात जास्त वेळ थांबलेल्याच त्या.

मी म्हणाले, "पण आप्पा, त्या धरल्या तर आपलाही आकडा बिघडेल."

"बिघडू दे."

"हरलो तर?"

"खरं मोजून हरलो तर हरलो. रानात मेंढरू ठिवून जितायचं न्हाई."

मी उरलेल्या गाड्या धरल्या. आमचा आकडा खरोखरच बिघडला. आप्पा तो बघून खूश झाले आणि म्हणाले, "आता खरं बोलाया लागलं बघ." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद परत दिला. मी टोकापासून टोकापर्यंत बघितला. कुठेही चुना नव्हता. मी तो कागद घरी नेऊन आईला दाखवला. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तिनं देवापुढं साखर ठेवली.

सॉफ्टवेअर सांभाळणारी मंडळी परदेशात होती आणि ईमेलवर बोलायची. त्यांच्यातल्या प्रमुखाला आप्पा 'पाव्हणं' म्हणायचे. सकाळी आले की पहिला प्रश्न, "पाव्हणं काय म्हंत्यात?" कारखान्याच्या टेलिफोनवरून इंटरनेट लावायचं म्हणजे मॉडेम किंचाळायचं, आणि मधेच शेती विभागातल्या कुणी फोन उचलला की सगळं तुटायचं. आप्पांनी शेती विभागाच्या फोनवर ओलं पोतं टाकून ठेवलं होतं.

पाहुण्यांचं पहिलं उत्तर निराशाजनक आलं. कल्पना चांगली आहे, पण डेटाबेस अडकला असताना लोक नवे प्रश्न कशाला विचारतील? ते थांबतीलच ना? या मोजणीचा खऱ्या जगाशी काय संबंध?

मला वाटलं, संपलं. आप्पा म्हणाले, "लिही," आणि फेऱ्या घालत सांगू लागले. मी ते इंग्रजीत करत गेले.

"लिही, की पाव्हणं, रामराम. आमच्याकडं काटा बंद पडला म्हणून बैलगाडी माघारी जात न्हाई. ऊस तोडलाय, त्यो वाळतोय, वजन घटतंय. गाडीवान कुठं जाईल? त्यो रांगंला लागतो. त्याच्या मागं दुसरा लागतो. तुमी काट्यावरच्या माणसाला इचारलं तर त्यो म्हणंल, माझं काम लई जलद हाय. त्याचं खोटं न्हाई. पण गाडीवानाची बाईल तिथं भाकरी थापतीया, तिला बी इचारा. तुमचं माप तिला इचारत न्हाई. आमचं इचारतंय."

"आप्पा, भाकरीचं लिहू?"

"लिही. भाकरी कळत न्हाई असा मुलूख न्हाई जगात."

मी लिहिलं आणि पाठवलं. मग नुसती वाट बघणं. आबांच्या ऑफिसात टायवाल्याच्या करारावर टाइपिंग सुरू झाल्याचं शिपायानं सांगितलं. आप्पा रोज विचारायचे, पाव्हणं काय म्हंत्यात, आणि मी मान हलवायची. एक दिवस त्यांनी विचारलंच नाही, तेव्हा मला त्यांच्या वयाची पहिल्यांदा जाणीव झाली आणि फार वाईट वाटलं.

सभा दोन दिवसांवर आली असताना उत्तर आलं. मी ते इतक्या मोठ्यानं वाचलं की काट्यावरचे लोक खिडकीशी जमा झाले. पाहुण्यांनी लिहिलं होतं, की त्यांनी बैलगाडी कधी बघितलेली नाही, पण विमानतळाच्या रांगेत ते आयुष्यभर उभे राहिलेले आहेत. आपण इतकी वर्षं चुकीच्या टोकाकडून मोजत होतो. शेवटी उरलेल्यांना मोजण्याचा भाग तर त्यांना कधीच सुचला नसता. पॅच स्वीकारला आहे, नव्या आवृत्तीत तो आजपासून सगळ्यांना मिळेल, आणि 'गेट' हे नाव तसंच ठेवलं आहे. खाली लेखक म्हणून माझं नाव होतं आणि तपासणारे म्हणून आप्पांचं.

आप्पांनी ते पत्र म्हातारीवर छापायला लावलं. कागद घेतला, डबी उघडली, अंगठा चुन्यात बुडवला आणि एकेक ओळ वाचत खाली गेले. तळाशी आल्यावर अंगठा धोतराला पुसला.

"जागाच न्हाई," ते म्हणाले. त्यांनी डबी मिटून टाकली.

सभेच्या दिवशी आप्पांनी एकच मागणी केली: शर्यत पुन्हा लावा, सॉफ्टवेअर तेच, फक्त त्याची नवी आवृत्ती, आणि चालवायची टायवाल्यानं. आम्ही हात लावणार नाही. टायवाल्यानं स्वतः ती उतरवून आणली होती. संचालक मंडळी टोप्या सावरत, चहा भुरकत बसली. आमचा डेटाबेस झाला, मग त्यांचा. टायवाला पडद्याकडे बघत राहिला. पुन्हा चालवू का, म्हणाला. आप्पा म्हणाले, पायजे तितक्यांदा चालवा. त्यानं पुन्हा चालवलं. मग तो प्रामाणिक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "सर, यांचा जास्त चांगला आहे. बराच चांगला."

"आरं, मागल्या टायमाला तर तुमचा व्हता!" आबा म्हणाले.

"तेव्हा आम्ही उत्तर द्यायला घेतल्यापासूनचा वेळ मोजत होतो. आता प्रश्न रांगेत आल्यापासूनचा मोजतोय. आमचा मधेमधे थांबतो, तेव्हा मागे रांग वाढते."

कोपऱ्यातले एक म्हातारे संचालक, ज्यांनी सभेत कधी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं, ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजी काट्यावरनं न्हाई, गेटवरनं! आबा, माझी गाडी मागल्या साली दोन दिस गेटवर व्हती आन् तुमचा काटेवाला म्हणतोय, लगीच वजन केलं!"

आणि मग काय विचारता. त्या खोलीतला प्रत्येक माणूस ऊस घालणारा होता. जे समजावायला आम्हाला परदेशी पत्रं पाठवावी लागली ते त्यांना एका वाक्यात कळलं. जो तो आपल्या रांगेची गोष्ट सांगू लागला. ठराव मांडायचीही गरज उरली नाही. टायवाल्यानं जाताना आप्पांना वाकून नमस्कार केला आणि आप्पांनी त्याला स्टॉपवॉच कानाशी धरून दाखवलं, जे त्यांनी मलासुद्धा कधी दाखवलं नव्हतं.

हंगामाची पहिली उसाची मोळी टाकायच्या कार्यक्रमात आबांनी आप्पांचा आणि माझा सत्कार ठेवला. मांडवात शेतकरी, गाडीवान, तोडणीवाल्या बाया, सगळे. मला साडी मिळाली, आप्पांना शाल आणि नारळ. आबा माइकवर रंगात आले होते. "आमच्या कारखान्यात गुणी माणसाला ताटकळत ठेवत न्हाईत. परवा सभा झाली, आन् आज सत्कार! हाय का न्हाई लगीच?"

टाळ्या पडल्या. आप्पांनी नारळ माझ्याकडे दिला, शाल खांद्यावर नीट केली आणि सदऱ्यातून दोरा ओढून चालूच असलेलं स्टॉपवॉच बाहेर काढलं. त्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि आबांनी तिचा उंबरा एकदाही ओलांडलेला नव्हता, हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पा माइकपाशी गेले.

"आबा," ते म्हणाले, "येळ कुठनं मोजली?"

सगळ्या माना आबांकडे वळल्या. मग मागच्या बाजूनं, बैल सोडून आलेल्या गाडीवानांच्या घोळक्यातून एकजण ओरडला, "गेटवरनं मोजा!" दुसऱ्यानं उचललं, मग बायांनी, मग सगळ्या मांडवानं. "गेटवरनं मोजा! गेटवरनं मोजा!" आबा आधी लाजले, मग पोट धरून हसले, आणि टोपी काढून आप्पांच्या पाया पडले. आप्पांनी त्यांना उठवलं आणि मगच स्टॉपवॉचचं बटण दाबून ते बंद केलं.